वाचक विचारतात : म्युझियममधलं फ्लाइट सिम्युलेटर बांधायचं कसं आणि चालू ठेवायचं कसं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की विमानांच्या म्युझियममध्ये जे सगळ्यांना बसायला मिळतं ना ते फ्लाइट सिम्युलेटर, त्याबद्दल काय विचारायचंय ते पाठवा, आणि बहुतेक पत्रं नाशिक आणि आसपासचीच आली. साहजिक आहे. ओझरला १९६४ पासून एचएएलचा कारखाना, मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० सगळं तिथे बनलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या लाईनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए पण उडालं, शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, इकडे गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जातात, त्यामुळे विमानाला हात लावलेला माणूस शोधायला इथे लांब जावं लागत नाही. मी स्वतः इन्स्ट्रुमेंटच्या कामातली, आता बरीच वर्षं एका म्युझियममधलं सिम्युलेटर सांभाळते, म्हणजे सकाळी चालू करण्यापासून तुटलेलं पेडल वेल्ड करून आणण्यापर्यंत सगळं. उत्तरं त्याच कामातून आलेली आहेत.

प्रश्न : आम्ही चार-पाच निवृत्त मित्र आहोत. एका जुन्या लढाऊ विमानाचा पुढचा भाग एका संस्थेला मिळणार आहे आणि त्यातच सिम्युलेटर करून द्या असं ते म्हणतायत. खऱ्या कॉकपिटमध्ये मुलांना बसवावं की वेगळा डबा बनवावा?
— एक निवृत्त फिटर, ओझर

काका, वेगळा डबा बनवा. खऱ्या कॉकपिटमध्ये बसायचा आनंद मला कळतो, पण तो भाग आता पुन्हा कुठे तयार होणार नाहीये. मिग-२१ तर २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त पण झालं, जे उरलंय तेवढंच उरलंय. रोज शे-दोनशे पोरं त्यात चढली-उतरली की दोन वर्षांत स्विचच्या टोप्या जातात, पॅनेलवरची अक्षरं पुसली जातात, आणि सिम्युलेटरसाठी तुम्ही जी भोकं पाडाल ती कायमची राहतात.

दुसरं म्हणजे सेफ्टी, आणि हे तुम्हाला माहीत असलं तरी संस्थेच्या लोकांना बसवून सांगा. इजेक्शन सीटमध्ये स्फोटक कार्ट्रिज असतात. ती काढलीयत आणि सीट निकामी केलीय हे लेखी, अधिकृत कागदावर हातात आल्याशिवाय कुणालाही आत बसू देऊ नका, तुम्ही स्वतःही बसू नका. "काढली असतील" याच्यावर जाऊ नका. मग डायल. जुन्या मीटरच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग असायचा. आता तो चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं की संपला, तसं नसतं. चमकणारं रसायन खराब झालेलं असतं पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं आहे, किरणोत्सर्ग तसाच चालू असतो. काच बंद असेपर्यंत धोका कमी, पण मीटर उघडून काटा घासला की ती धूळ श्वासात जाते. म्हणून जुना मीटर उघडायचा नाही, खरवडायचा नाही, मोजणी करून घ्यायची आणि शंका असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे पुढचं करायचं. आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, पोरांची बोटं हमखास तिच्यातच जातात, डब्याला कॅनॉपी ठेवूच नका.

तसंही खरे मीटर चालवणं सोपं नाही, विमानात २८ व्होल्ट डीसी आणि ४०० हर्ट्झचा एसी असतो, आपल्याकडे भिंतीत ५० हर्ट्झ, आणि वेगाचा मीटर, अल्टीमीटर म्हणजे उंचीचा मीटर, हे तर हवेच्या दाबावर चालतात. त्यापेक्षा लेझर कटिंगच्या ॲक्रिलिकवर डायल छापा आणि मागे गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये असते ती छोटी स्टेपर मोटर लावा, एक्स२७ नावाने मिळते, काटा ३१५ अंशांपर्यंत फिरतो, स्वस्त आहे, जळली तर बदलायची. खऱ्या कॉकपिटची मापं मात्र अगदी मिलिमीटरमध्ये घ्या, स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, सीटपासून किती लांब, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, किती उंचीवर, पेडल कुठे. आणि ब्रेक विसरू नका. मिग-२१ चा चाकांचा ब्रेक पेडलवर नाही, स्टिकवरच्या लिव्हरवर असतो, हे तुमच्यासारख्यांना हाताने माहितीये पण डबा बनवणाऱ्या नव्या पोराला कुणी सांगितलंच नाही तर तो पायातच ब्रेक देईल. खरं विमान शेजारी उभं, दोरी बांधलेलं, आणि बाजूला तुमचा डबा, असं असलं की मुलगा डब्यातून उतरून खऱ्या विमानाकडे जातो आणि म्हणतो हे मी आत्ता ओढलं होतं. यासाठीच तर करायचं.

प्रश्न : इंजिनीअरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये आम्ही सिम्युलेटरची स्टिक आणि पेडल बनवली, आर्डुइनोचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरून. कॉलेजमध्ये मस्त चालली. एका प्रदर्शनात लोकांसाठी ठेवली तर थोड्याच दिवसांत विमान आपोआप एका बाजूला झुकायला लागलं. कोड तर तोच आहे!
— विद्यार्थ्यांचा ग्रुप, नाशिक

कोड ठीकच असणार, आधी पॉट, म्हणजे स्टिकची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर, बघा. त्यामध्ये कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत असतो. घरी एक माणूस तासभर वापरतो तेव्हा तो वर्षानुवर्षं टिकतो, पण लोकांसाठी ठेवला की दिवसभर मधल्या त्याच एका जागेवर सतत घासला जातो, तिथेच पट्टी झिजते आणि रीडिंग उड्या मारायला लागतं. म्हणून सेंटर हलतं. हॉल सेन्सर लावा. त्यात एक चुंबक फिरतो आणि सेन्सर लांबून त्याचं क्षेत्र मोजतो, घासायलाच काही नाही तर झिजणार काय. आर्डुइनोचा बोर्ड लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या म्हणजे कॉम्प्युटरला तो सरळ जॉयस्टिक म्हणून दिसतो, उनोला ते थेट जमत नाही. त्यांच्यात १० बिटचं रीडिंग मिळतं म्हणजे १०२४ पायऱ्या, पण तुमची स्टिक जर सेन्सरच्या फक्त पाव भागात फिरत असेल तर हातात अडीचशेच पायऱ्या उरतात आणि विमान झटके मारत वळतंय असं वाटतं. चुंबकाची जागा अशी ठेवा की पूर्ण रेंज वापरली जाईल, आणि मध्ये थोडासा डेडबँड द्या, म्हणजे स्टिक जरा हलली तरी विमान हलणार नाही असा भाग, थोडासाच.

पण खरी गोष्ट लोखंडाची आहे. माणूस घाबरला की स्टिक दोन्ही हातांनी पोटाशी ओढतो, पेडलवर उभा राहतो, आणि उतरताना जे हाताला लागेल ते धरून उठतो, बहुतेक वेळा स्टिकच. म्हणजे तुमच्या स्टिकवर कधी ना कधी पूर्ण माणसाचं वजन येणारच आहे असं धरून डिझाइन करा. स्टॉपर फ्रेमला वेल्ड केलेला असावा, जाड, रबर लावलेला, स्टिक शेवटाला गेली की ती फ्रेमला टेकली पाहिजे, सेन्सरपर्यंत तो जोर पोचताच कामा नये. आणि उजव्या-डाव्या बाजूला, डोळ्यासमोर, पिवळा रंग दिलेला एक चांगला मजबूत दांडा द्या धरून उठायला. हा दांडा लावला की स्टिकची अर्धी दुरुस्ती कमी होते. थ्रीडी प्रिंटचं गिंबल, म्हणजे स्टिक सगळ्या बाजूंना कलवणारा सांधा, दिसायला छान पण लोकांच्या हातात टिकत नाही, सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमध्ये एमएस म्हणजे साध्या पोलादात किंवा ॲल्युमिनियममध्ये करून घ्या, बुशच्या जागी सील्ड बेअरिंग टाका, सगळीकडे नायलॉक नट. स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तरी दुसऱ्यावर दिवस निघतो.

वायरिंगचं पण सांगते कारण निम्मे स्नॅग, म्हणजे बिघाड, तिथेच असतात. जी वायर स्टिकबरोबर हलते ती मल्टिस्ट्रँडच पाहिजे, सिंगल स्ट्रँड वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सोल्डरच्या सांध्यावर ताण येऊ नये म्हणून वायर आधी फ्रेमला बांधायची, मग थोडी सैल सोडून सांध्यापर्यंत न्यायची. यूएसबी केबल शक्य तेवढी आखूड. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर. आणि ब्रेडबोर्ड कॉलेजमध्येच ठेवून या, लोकांसमोर स्क्रूने आवळायचा किंवा लॉक होणारा कनेक्टरच लागतो.

प्रश्न : आमच्या समितीत दोन गट पडलेत. एकाला सहा पायांवर हलणारा मोशन प्लॅटफॉर्म हवाय, त्याशिवाय लोक येणार नाहीत म्हणतात. तुमचं मत?
— समिती सदस्य, कॉलेज रोड

माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. निदान पहिली काही वर्षं तरी नाही.

सहा ॲक्च्युएटरवरचा प्लॅटफॉर्म, ज्याला स्टुअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात, त्यावरचा पेपर १९६५ चा आहे, त्याच्या आधी एरिक गॉफ यांनी टायर तपासायला तशीच रचना केली होती. एअरलाइनच्या पायलटना शिकवायच्या सिम्युलेटरमध्ये ती असते आणि तिथे ती हवीच. पण ती काय करते ते समजून घ्या. प्लॅटफॉर्म काही धावपट्टीवर एक किलोमीटर पुढे धावू शकत नाही, मग टेकऑफचा दाब पाठीला कसा जाणवतो, तर डबा हळूच मागे कलतो, तुमचं स्वतःचं वजन तुम्हाला सीटमध्ये दाबतं, समोरच्या पडद्यावर मात्र क्षितिज सरळच असतं, त्यामुळे मेंदूला वाटतं की वेग वाढतोय. नंतर तो इतक्या हळू मूळ जागी येतो की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतच नाही. हे ट्यूनिंग चांगलं जमलं तर कमाल आहे, नाही जमलं तर जत्रेतला पाळणा होतो, हलतंय खूप पण उडल्यासारखं वाटत नाही, आणि पोटात मात्र ढवळतं.

शिवाय हलणारी गोष्ट म्हणजे कुंपण, दाराला इंटरलॉक, इमर्जन्सी स्टॉप, बेल्ट, लाईट गेली तर डबा वर अडकलेला असताना आतल्या माणसाला खाली कसं आणायचं, नियमित तपासणी, विमा, आणि एक ॲक्च्युएटर गेला तर सगळं बंद. त्या पैशात दोन साधी, न हलणारी सिम्युलेटरं होतात आणि रांग निम्मी होते. सीटखाली एक बेस शेकर लावा, इंजिनाची घरघर आणि चाक टेकल्याचा धक्का तेवढ्यानेही मिळतो. चांगला आवाज, मोठा पडदा आणि आजूबाजूला अंधार यांनी निम्म्याहून जास्त काम होतं, हे मी समोर बसलेल्यांचे चेहरे बघून सांगतेय.

प्रश्न : सुट्टीत मुलाला एका सिम्युलेटरमध्ये बसवलं होतं, न हलणारंच होतं तरी पाच मिनिटांत त्याला मळमळायला लागलं. काही त्रास तर नसेल ना? परत बसवू का?
— एक आई, इंदिरानगर

ताई, काळजी नका करू, हे खूप जणांना होतं. डोळे सांगतात आपण वळतोय आणि कान सांगतात आपण स्थिर बसलोय, या भांडणात मळमळ होते. भरल्या पोटी बसवू नका, पहिल्यांदा दोन-तीन मिनिटंच, त्याला सांगा की लांब क्षितिजाकडे बघ, कडेच्या झाडांकडे नको, आणि गरगरायला लागलं तर डोळे मिटून घे. थांबल्यावर थोडं पाणी, मोकळी हवा, बरं वाटतं. सतत होत असेल, गाडीत-झोपाळ्यावर पण होत असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा.

ज्यांचं सिम्युलेटर आहे त्यांच्यासाठी पण दोन ओळी इथेच लिहिते, कारण हा त्रास बराचसा आपल्या हातात असतो. पडद्याचा खरा कोन मोजा. साधारण ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटर, डोळे सव्वा मीटरवर असतील तर एका टीव्हीचा कोन ५२ अंशांच्या आसपास येतो, तीन टीव्ही गोलाकार लावले तर दीडशेच्या वर, सॉफ्टवेअरमध्ये तोच कोन टाकला पाहिजे, लोक अंदाजे टाकतात आणि मग जग ताणल्यासारखं फिरतं. फ्रेम रेट स्थिर ठेवा, झाडं-घरं कमी केली तरी चालतील पण चित्र अडखळायला नको. स्टिक हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत उशीर झाला तर माणूस जास्त ओढतो, मग जास्त ढकलतो, विमान डोलायला लागतं, बऱ्याच टीव्हींमध्ये गेम मोड असतो तो चालू केला की हा उशीर लगेच कमी होतो. आणि एक पंखा तोंडावर. व्हीआर हेडसेटबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यात मळमळ अजून वाढते, दर माणसामागे पुसावा लागतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या घरच्यांना आतलं काहीच दिसत नाही, म्हणून म्युझियमसाठी मला तो पटत नाही.

प्रश्न : मला मिग-२१ उडवायचं होतं पण तिथल्या काकांनी सेसनाच दिलं. असं का?
— इयत्ता चौथी, देवळाली कॅम्प

बाळा, तुझा राग बरोबर आहे, आता गणित कर. आपण तुला धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर सोडतो, जमिनीपासून साधारण २६० मीटर उंचीवर, कारण विमान तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. सेसना १७२ उतरताना ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असतं म्हणजे मिनिटाला दोन किलोमीटर. तुला अडीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात तुला स्टिक कळते, एकदा चुकतोस, सुधारतोस आणि उतरवतोस. मिग-२१ तिथे साडेतीनशेच्या जवळपास वेगाने येतं, तुला एक मिनिट पण मिळत नाही, आणि त्याचे पंख छोटे त्रिकोणी, वेग थोडा कमी झाला की ते दगडासारखं खाली जातं. आधी सेसना तीन वेळा नीट उतरव, मग त्या काकांना सांग की आता मिग द्या, आणि तेव्हा त्यांनी द्यायलाच पाहिजे, हे मी त्यांच्यासाठी पण लिहितेय.

अजून एक गंमत बघ. ओझरला विमान जमिनीवर उभं असलं तरी अल्टीमीटरवर १९०० फुटांच्या आसपास आकडा असतो. मीटर बिघडलेला नसतो, नाशिकच समुद्रापासून तेवढं उंच आहे.

प्रश्न : सॉफ्टवेअर कोणतं वापरावं? घरी जो गेम आहे तोच टाकला तर चालेल का? आणि आपला नाशिकचा परिसर दिसेल का त्यात?
— सिन्नरहून एक वाचक

घरच्या वापराचं लायसन्स वेगळं असतं, लोकांना तिकीट लावून दाखवायचं वेगळं, त्यामुळे घरचाच गेम आणून लावू नका, लायसन्सचा कागद पूर्ण वाचा. एक्स-प्लेनची व्यावसायिक वापराची वेगळी आवृत्ती मिळते. फ्लाइटगिअर मोफत आणि ओपन सोर्स आहे, म्युझियममध्ये लावायला अडचण नाही, दिसायला थोडं साधं आहे पण आतलं सगळं बदलता येतं, दोन-तीन कॉम्प्युटर जोडून वेगवेगळे पडदे चालवता येतात, आणि सुरू करतानाच एका ओळीत सांगता येतं की ओझरला, म्हणजे व्हीएओझेडला (हा तिथल्या विमानतळाचा कोड), अमुक उंचीवर अमुक वेगात सुरू हो. मी तेच सुचवेन.

परिसर दिसतो, आणि याच्यावर वेळ घालवाच. डोंगर-दऱ्यांची उंची नासाच्या २००० सालच्या शटल मोहिमेच्या डेटामधून येते, ती एसआरटीएम, साधारण ३० मीटरच्या जाळीत, त्यामुळे ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेजचा एकटा उभा कातळ, लांब दक्षिणेला कळसूबाई हे सगळं आपोआप ओळखू येतं. रस्ते आणि पाणी ओपनस्ट्रीटमॅपमधून. गंगापूर धरण, गोदावरीचं वळण, नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्षाचे मळे हे जेवढं नीट करता येईल तेवढं करा. म्हातारी माणसं मागे उभी राहून सांगतात की हे बघ इथून डावीकडे आपलं गाव. परदेशातल्या शहरावरून उडताना ही गोष्ट होत नाही.

सॉफ्टवेअरचं अजून एक, कॉम्प्युटर चालू केला की आपोआप सिम्युलेटरवरच गेला पाहिजे, की-बोर्ड-माऊस लोकांच्या हाताला लागता कामा नये, ऑटो अपडेट बंद, आणि एक मोठं लाल बटण, दाबलं की विमान परत पाच किलोमीटरवर. हार्ड डिस्कची पूर्ण कॉपी कपाटात. बिघडलं की शोधत बसायचं नाही, कॉपी टाकायची आणि चालू करायचं.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. सिम्युलेटरची सुरुवात कॉम्प्युटर आल्यावरच झाली ना?
— शिक्षिका, पंचवटी

नाही मॅडम, त्याच्या खूप आधी, आणि मुलांना सांगायला ही सुंदर गोष्ट आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता, वडिलांचा ऑर्गन आणि वाजणारे पियानो बनवायचा कारखाना. हवेने फुगणारे-दबणारे भाते, आपल्या पेटीला असतो तसा भाता, त्याच्या रोजच्या हातातले. त्याने १९२९ मध्ये एक छोटं लाकडी विमान त्या भात्यांवर बसवलं, स्टिक हलवली की भात्यात हवा जायची-यायची आणि डबा कलायचा. सुरुवातीला त्याची गिऱ्हाइकं कोण, तर जत्रेसारखी करमणुकीची उद्यानं! म्हणजे लोकांनी मजेसाठी बसायचं हेच आधी आलं, लष्कराचं प्रशिक्षण नंतर. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत नुसत्या मीटरवर उडायची सवय नसल्याने अपघात झाले, तेव्हा लष्कराने लिंकचे ट्रेनर घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धात ते हजारोंनी बनले. वर्गात सायकलचा पंप आणि दोन फुगे घेऊन एक पुठ्ठा कलवून दाखवा, मुलांना लगेच कळेल.

प्रश्न : मी एका संग्रहालयात स्वयंसेवक होतो. उद्घाटनाला सगळे पाहुणे बसले, फोटो झाले, आणि सहा महिन्यांत त्यावर "दुरुस्ती चालू आहे" ची पाटी लागली ती निघालीच नाही. हे टाळायचं कसं?
— गंगापूर रोडहून

या प्रश्नासाठीच मला हे सदर लिहायचं होतं. तुमच्या पत्रातली ती पाटी मी पण बऱ्याच ठिकाणी बघितलीय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण लांबच्या गावाहून एसटीने आलेलं पोर ते वाचून परत जातं.

बांधतानाच एक नियम घाला की कोणतीही वस्तू दहा मिनिटांत, एका माणसाला, साध्या पान्याने बदलता आली पाहिजे. पेडलचं युनिट चार बोल्टवर बाहेर, स्टिकचं युनिट चार बोल्टवर बाहेर, आणि दोन्हीचं तयार, कॅलिब्रेट केलेलं दुसरं युनिट कपाटात. मोडलं की लोकांसमोर सोल्डरिंग करत बसायचं नाही, युनिट बदलायचं, रांग चालू, मोडकं युनिट संध्याकाळी टेबलावर. आतलं बघायला मागून पूर्ण उघडणारं दार पाहिजे, आत वाकून मोबाईलच्या टॉर्चमध्ये काम करायची वेळ आली की माणूस "उद्या बघू" म्हणतो आणि तिथून ती पाटी सुरू होते.

दुसरं, वही. ओझरला काम केलेल्यांना मी एफ-७०० म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, विमानाचं जे काही झालं ते त्यात लिहिल्याशिवाय विमान पुढे जात नाही. तशीच वही सिम्युलेटरला ठेवा. तारीख, काय स्नॅग, कुणी बघितलं, काय केलं, सही. "डावं पेडल जरा कुरकुरतं" हे सुद्धा लिहायचं, कारण आठवड्याने तेच पेडल तुटणार असतं आणि वहीत ते आधीच दिसतं. हत्यारांचा बोर्ड पण तसाच करा, प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली, बंद करताना एकही रिकामी जागा दिसली नाही पाहिजे. रोज सकाळी सीटखाली हात घालून बघा, नाणी, हेअरपिन, शेंगदाणे, चॉकलेटचे कागद, हे सगळं पेडलच्या खाचेत जातं. विमानात अशा नको तिथे पडलेल्या, नुकसान करणाऱ्या वस्तूंना एफओडी म्हणतात आणि इथे पण ते तेवढंच गंभीर घ्या.

मग नाशिकची हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला जातो, बंद डब्यात कॉम्प्युटर अजून तापतो, म्हणून कॉम्प्युटर डब्याच्या बाहेर ठेवा, आत येणाऱ्या हवेला फिल्टर लावा आणि तो दर आठवड्याला झटका. पावसाळ्यात उलटं, ओलाव्याने कनेक्टरवर हिरवट थर येतो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे सेन्सरवर किंवा कनेक्टरवर मारू नका, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवायची वेळ आली तरी रोज अर्धा तास चालू करा, त्याच्या स्वतःच्या गरमीने ओल जाते. उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे सगळं कंड्युटमध्ये, म्हणजे वायरींच्या नळीत, आणि भोकं जाळीने बंद. लाईट जाण्यासाठी यूपीएस, पाचच मिनिटांचा पुरे, कॉम्प्युटर नीट बंद होण्यापुरता, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या कारण लोखंडी डब्यात घामेजलेल्या हातांची मुलं बसणार आहेत.

शेवटचं, माणूस. सिम्युलेटरशेजारी कुणी उभंच नसेल तर लोक स्वतः बसतात, काहीतरी ओढतात, विमान आपटतं, उठून जातात, दोन मिनिटांत संपतं, कुणाला काही मिळत नाही. शेजारी उभा राहून "हळू, नाक थोडं खाली, बघ धावपट्टी मध्ये आली" म्हणणारा एक माणूस असला की तेच मूल चाक टेकवून उठतं. समितीने बजेटमध्ये या माणसाचा पगार किंवा स्वयंसेवकांचा चहा-प्रवासखर्च टीव्हीच्या आधी लिहावा, असं माझं अगदी ठाम म्हणणं आहे. ओझर-जानोरीपासून शहरापर्यंत निवृत्त तंत्रज्ञ एवढे आहेत, त्यांना नुसतं बोलवा, आठवड्यातली एक दुपार द्या म्हणा, ते आनंदाने येतात. आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं जण फक्त दुरुस्तीला, त्या दिवशी पाहुणे नाहीत, कितीही ओळखीचे असले तरी.

प्रश्न : मला पायलट व्हायचंय. म्युझियमच्या सिम्युलेटरवरचे तास सीपीएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्समध्ये, धरतात का?
— बारावीचा विद्यार्थी, नाशिकरोड

नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, मान्यता दिलेल्या सिम्युलेटरवरचेच तास, तेही नियमात जेवढे बसतात तेवढेच मोजले जातात. सीपीएलला २०० तास उड्डाण लागतं. तरी ये, मीटर वाचायची नजर बसते, ती पुढे उपयोगी पडेल.

प्रश्न : गांधीनगरला हेलिकॉप्टरं बघत मोठा झालो. विमानाऐवजी हेलिकॉप्टरचं सिम्युलेटर केलं तर?
— उपनगरहून

मनापासून आवडेल, पण पहिलं म्हणून नको. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायला उजवा हात, डावा हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी काम करतात, एक हलवलं की बाकीचे दोन बदलावे लागतात. पाच मिनिटांत नवख्याला काहीच जमत नाही आणि तो हिरमुसून उठतो. विमानाचं नीट चालायला लागल्यावर दुसरं म्हणून करा, त्यात कॉम्प्युटरची मदत जास्त ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. अशा ठिकाणी गेलो की ती बाहेर बसून बघते. तिला बसता येईल असं बांधता येतं का?
— एक बाबा, सिडको

येतं दादा, आणि बांधणाऱ्या सगळ्यांनी हे ड्रॉइंगच्या पहिल्या दिवशीच घ्यावं कारण नंतर करायला गेलं की फ्रेम कापावी लागते. डब्याची एक बाजू पूर्ण उघडी, उंबरा नाही. सीट रुळावर ठेवायची म्हणजे ती मागे सरकवून बाहेर काढता येते आणि त्याच जागी व्हीलचेअर आत जाते. रॅम्प १:१२ च्या उताराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, वर वळायला मोकळी जागा. पाय चालत नसतील तर रडरचं, म्हणजे पेडलने हलणाऱ्या शेपटीवरच्या पात्याचं, काम सॉफ्टवेअरला द्यायचं, फ्लाइटगिअरमध्ये ऑटो कोऑर्डिनेशन आहे, वळताना रडर आपोआप लागतो. एका हातात ताकद कमी असेल तर थ्रॉटल दुसऱ्या बाजूला हलवता यावा, दोन्हीकडे सारखी भोकं आधीच पाडून ठेवा. तुमच्या जवळच्या संग्रहालयाला हे पत्र दाखवा. आणि जे कुणी बांधतायत त्यांनी प्लायचा कच्चा सांगाडा झाला की व्हीलचेअर वापरणाऱ्या एक-दोघांना बोलवून त्यात बसवून बघा, हात कुठे पोचतो, गुडघा कुठे अडतो ते पेन्सिलने तिथेच लिहा, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग त्यानंतर.